रिकामी बंदूक, शिक्क्यासह

थोरले काका वारले आणि त्यांची दुनळी बंदूक माझ्या वाट्याला आली. ती उघडायची कळ गंजून घट्ट बसली होती, त्यामुळे आत काडतुसं आहेत की नाहीत हे फक्त काकांनाच ठाऊक. बायको दारातच आडवी आली.

"आत काय आहे ते कळल्याशिवाय ही घरात येणार नाही. दोन पोरं हुंदडतात इथं!"

बंदूक चादरीत गुंडाळून शस्त्र परवाना कचेरीत नेली. कारकुनाने फॉर्म काढला. रकाना सातवा: शस्त्र रिकामे आहे काय?

"तेच विचारायला आलोय," मी म्हणालो.

"अहो, प्रश्न आम्ही विचारायचे. भरलेलं शस्त्र या इमारतीत आणायला मनाई आहे. तुम्ही आणलंय. म्हणजे ते रिकामं आहे." त्याने 'होय'वर खूण केली.

"पण उघडून बघा तरी!"

"उघडणारे तंत्रज्ञ निवृत्त झाले. अकरा वर्षं झाली."

साहेबांनी खूण पाहून सही करायला घेतली. नळ्यांचं तोंड नेमकं त्यांच्या पोटाकडे होतं.

"ते जरा तिकडे करा."

"रिकामी आहे ना, साहेब?"

"आहेच हो. पण तिकडे करा."

तिकडे अर्जदारांची रांग होती. नंबर जाईल म्हणून कोणी जागचं हललं नाही. शिक्का बसला: 'शस्त्र रिकामे व सुरक्षित.'

माझं काही समाधान होईना. बंदुका दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्या मिस्त्रीला गाठलं. त्याने नळ्या भिंतीकडे वळवल्या, कळीत तेल सोडलं आणि तासाभराने बंदूक उघडली. दोन्ही नळ्यांत काडतुसं! हिरवट पडलेली, पण जिवंत.

"नळ्या शंभर वर्षांच्या, आतून खाल्लेल्या," मिस्त्री म्हणाला. "चाप ओढला असतात तर पुढचा मेला असता की नाही देव जाणे, नळी फुटून मागचा नक्की गेला असता. ही नुसती बघायची वस्तू. आणि काडतुसं घेऊन जा बाबा, माझ्याकडे नकोत."

ती डबीत घालून धावत कचेरी गाठली. साहेबांनी स्वतःचंच प्रमाणपत्र लक्षपूर्वक वाचलं.

"बंदूक रिकामी होती. तेव्हा ही तिच्यातली नव्हेत. मग तुमच्याकडे आली कुठून? बिनपरवाना काडतुसं म्हणजे सरळ तुरुंग!"

"मग जमा करून घ्या ना!"

"जमा करायला काडतुसांचा परवाना लागतो. आहे?"

कारकुनाला माझी दया आली. मला बाजूला घेऊन तो हळूच म्हणाला, "कशाला नसती भानगड? होती तिथे ठेवून द्या. तिथे ती नाहीतच."

ठेवली. भित्रा माणूस मी, काय करणार? घरी बायकोला खरं सांगायला तोंड उघडलं, तोवर तिने शिक्का पाहिला होता. "सरकारने लिहून दिलंय, आता कसली भीती!" तिने बंदूक दिवाणखान्यात टांगली आणि खाली प्रमाणपत्र फ्रेम करून लावलं. मी तोंड मिटलं. पोरं तिच्याखालीच खेळतात.

मला शिव्या घालताय? खुशाल घाला. पण तुमची पोरं रोज ज्या लिफ्टने वर जातात, तिच्यातही काचेमागे असंच एक प्रमाणपत्र आहे. सही कोणाची ते तुम्ही वाचलं असेल. दोर कोणी बघितला, विचारलंत कधी?