तेरावं कडवं

दस्तगीरचाचांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते कविता खात होते. हे वाक्य मी अलंकार म्हणून लिहिलेलं नाही. शुक्रवार पेठेतल्या आमच्या घराच्या पायरीवर बसून त्यांनी वहीतलं एक पान फाडलं, त्याची नीट घडी केली, पुरचुंडीतली शेंगाचटणी तिच्यावर पसरली आणि भाकरीचा तुकडा चावावा तशी ती शांतपणे चावली. लसणाचा आणि भाजलेल्या दाण्यांचा खमंग वास माझ्यापर्यंत आला. त्याच्याखाली ओल्या शाईचा एक पुसट वास होता. हातातली भाजीची पिशवी तशीच धरून मी उभी राहिले.

"बिघडलेली ओळ हाय, बाई," घास गिळत ते म्हणाले. "फेकली तर वाऱ्यानं कुणाच्याबी दारात जाती. पोटात गेली की मिटलं."

"मग चटणी कशाला?"

"वाईट ओळ नुसती कशी उतरंल?"

मी महाविद्यालयात कविता शिकवते. वाईट ओळींचं काय करावं, हा प्रश्न मला वर्षानुवर्षं पडत आला आहे; पण इतकं निर्णायक उत्तर माझ्या पाहण्यात नव्हतं.

चाचांनी जन्मभर यंत्रमागावर चादरी विणल्या. त्या खडखडाटात त्यांचे कान अर्धे गेले आणि उरलेल्या अर्ध्यांत ताल तेवढा राहिला. तरुणपणापासूनचा त्यांचा दुसरा उद्योग म्हणजे पाळणे रचणं. बारशाला गायचा पाळणा म्हणजे पहिल्या दिवशी असं, दुसऱ्या दिवशी तसं, अशी बारा दिवसांची बारा कडवी. इतर लोक त्यात राम, कृष्ण, सोन्याचा पाळणा आणि रेशमाची दोरी घालून एका बैठकीत मोकळे होतात. चाचांना हे मंजूर नव्हतं. "सोन्याचा कुटला? तुमचा तर लोखंडी हाय, त्योबी शेजारणीचा," असं ते बाळाच्या आजीला तोंडावर सांगत. घडलं नाही ते त्यांच्या गाण्यात येत नसे. म्हणून ते रोज संध्याकाळी बाळंतिणीच्या दारात उभे राहत आणि विचारत, "आज काय झालं?" बाळाच्या टाळूला आज कसला वास येतो, ते कुणाचा आवाज ऐकून दचकलं, उजव्या कुशीवर झोपलं की डाव्या, अशी ती चौकशी असे. उत्तर मिळालं की त्या दिवसाचं एक कडवं. उद्याचं कडवं आज लिहायचं नाही, हा नियम.

एका नगरसेवकाच्या नातीच्या बारशाला भरल्या मांडवात त्यांनी गायलेलं कडवं मी स्वतःच्या कानांनी ऐकलं आहे :

सातव्या दिवशी आले नगरसेवक,
मांडीवर झाला त्यांना अभिषेक!

मांडव थिजला. कार्यकर्त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. नगरसेवक उठले, आता चाचांचं काही खरं नाही, असं वाटून मी डोळे मिटले. उघडले तेव्हा ते चाचांचा हात हातात घेऊन विचारत होते, "हे कागदावर लिहून द्याल का? चौकटीत लावतो."

माझा आणि चाचांचा वाद छंदावरून असे. "चाचा, या ओळीत दोन मात्रा जास्त होतात," मी म्हणे.

"त्या दोन पोरीनं लाथा मारल्या त्याच्या हायत, बाई. त्या कशा काढू?"



मग आमच्याच घरी बाळ आलं. माझ्या भावाला, नितीनला, मुलगी झाली. पण सातव्या महिन्यातच. ओंजळीत मावेल एवढा तो जीव दवाखान्यातल्या काचेच्या पेटीत ठेवला. डॉक्टर कोणताही शब्द पूर्ण उच्चारत नव्हते. माझी वहिनी, अश्विनी, दिवसभर दवाखान्यातच बसून असे. घरात बाळंतविडा नाही, शेक-शेगडी नाही, धुरीचा वास नाही. आईने पाळणा माळ्यावरून खाली काढूच दिला नाही.

आणि अशा घराच्या दारात पहिल्याच संध्याकाळी चाचा उभे! "आज काय झालं?"

मी हबकलेच. आईने दार अर्धं लोटून घेतलं. "भाई, आमच्याकडं गाण्यासारखं काही झालं नाही. तुम्ही या आता."

ते गेले, पण दुसऱ्या दिवशी पायरीवर होतेच. तिसऱ्या दिवशीही. बारा दिवस ते त्या पायरीवर बसून वहीत काहीतरी लिहीत होते. आम्ही कुणी त्यांना काही सांगत नव्हतो, मग हा माणूस लिहितो तरी काय, याचा मला राग येई आणि नवलही वाटे. बारावा दिवस बारशाविना गेला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी दवाखान्यात डबा देऊन परतले, तर चाचा उंबऱ्यापाशी उठून उभे राहिले. डोळे तांबारलेले, दाढीत चटणीचे कण.

"बाई, तेरावं अडलंय."

आत काहीतरी घणघणत पडलं. आईच्या हातातून तांब्या सुटला होता. ज्या घरातलं मूल जगण्या-मरण्याच्या काठावर आहे, त्या घराच्या दारात, तिन्हीसांजेला, तेरावं! आमच्याकडे तेरावं कुणाचं घालतात, हे पेठेत जन्म काढलेल्या माणसाला कुणी सांगायला हवं होतं का?

"तोंड आवरा, भाई!" आई दारात आली. ती इतकी पांढरी पडलेली मी कधी पाहिली नव्हती. "माझी नात जिवंत आहे."

"जिती हाय म्हणूनच की, वैनी! बारावर पाळणा संपवला, तर पोरगी बारावरच थांबली असं झालं. तिचा तेरावा दिवस उजाडलाय. त्यो गाण्यात नको का?"

"नको!" मी ओरडले. आयुष्यात एखाद्या गीतकारावर ओरडण्याची माझी ती पहिलीच वेळ. "पुन्हा या पायरीवर बसू नका."

ते वही छातीशी धरून गेले. पुन्हा बसले नाहीत.

बाळ मात्र पुढे सरकत राहिलं. चौदा दिवस झाले, वीस झाले. डॉक्टरांचे शब्द हळूहळू पूर्ण होऊ लागले. गाणं तेरावर अडूनच होतं, हे मला बाजारात कळे. चहाच्या टपरीवर पोरं त्यांना छेडत, "चाचा, पोरगी शाळेत जाईपर्यंत होईल का हो?" एकदा भर दुपारी ते कारखान्याच्या भिंतीला कान लावून, मागांच्या तालावर ओठ हलवत उभे दिसले. मी रस्ता बदलला.

चाळिसाव्या दिवशी बाळ घरी आलं. दुधाचा, पावडरचा आणि ओल्या दुपट्याचा तो वास घरात शिरला आणि आई देवापुढे बसून नुसती हुंदके देत राहिली. मग बारशाची यादी झाली. चाचांचं नाव आईने काढलं नाही; मीही काढलं नाही.

"चाचा नसतील तर बारसं नको," अश्विनी म्हणाली.

लग्न होऊन चार वर्षं झाली, या मुलीने आईला उलट शब्द दिलेला आम्हाला माहीत नव्हता. नितीनच्या हातातलं पेन थांबलं.

"अगं, त्या माणसानं काय म्हटलं होतं ठाऊक आहे ना?" आई म्हणाली.

"ठाऊक आहे. नको तर नको बारसं."

चाचा आले, धुतलेला सदरा, डोक्यावर पांढरी टोपी. माडीवर बायकांनी पाळण्याची दोरी धरली. त्यांनी पहिलं कडवं लावलं आणि मी चकित होऊन ऐकू लागले. दुसऱ्या दिवशी बाळाने नळी ओढून काढली होती. पाचव्या दिवशी त्याने अश्विनीचं बोट धरलं होतं. नवव्या दिवशी परिचारिकेने त्याला ठमाकाकू असं नाव ठेवलं होतं. यातलं काहीच मला माहीत नव्हतं. बारावं कडवं झालं. चाचा थांबले. कुणीतरी "आता नाव ठेवा," असं पुटपुटलं. आईने दोरी घट्ट धरली होती. आणि त्यांनी सूर लावला :

तेराव्या दिवशी काही नाही घडलं,
बाळ नाही हसलं, बाळ नाही रडलं;
उजाडलं, मावळलं, आईनं पाहिलं,
काचेच्या घरात बाळ उद्याला राहिलं.

हातातल्या घुगऱ्यांची वाटी कुणी खाली ठेवली नाही, की तोंडाकडे नेली नाही. आईची नजर दोरीवर खिळली होती. मग तिने ती सावकाश ओढली.

"भाई, हे तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"तवा मलाच कुटं ठाऊक हुतं, वैनी."

अश्विनी माझ्या कानाशी म्हणाली, "ते रोज दवाखान्याच्या फाटकाशी यायचे, ताई. तुम्ही सगळे मला वजन विचारायचात. आज काय झालं, ते फक्त चाचा विचारायचे. तेराव्या दिवशी मी म्हटलं, काहीच झालं नाही, चाचा; आणि खूप रडले."

मी आत्या. बाळाच्या कानात नाव सांगायला वाकले, तर नावच आठवेना. पाठीत धपाटे घालायला टपलेल्या बायकांनी त्याबद्दल दोन जादा घातले.

सगळे पंगतीला बसले तेव्हा चाचा घुगऱ्या रुमालात बांधून जिन्याकडे निघाले होते. मी मागोमाग गेले. क्षमा कशी मागावी, याची वाक्यं मनात जुळवली होती. तोंडून निघालं भलतंच.

"चाचा, दिवस उजाडल्याशिवाय त्याचं कडवं लिहायचं नाही, हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

ते कठड्याला टेकले. ऐकू आलं नसावं असं मला वाटलं.

"आमच्या पोरीनं," ते म्हणाले. "तवा मी नवा हुतो. घाई लई. ती व्हायच्या आदीच बाराच्या बारा लिवून ठेवली हुती. पाच दिस आली ती माझ्या गाण्याबरूबर." त्यांनी रुमालाची गाठ उगाच सोडली आणि पुन्हा बांधली. "सहावं लई चांगलं जमलं हुतं, बाई."

जिन्यात उन्हाचा एक तिरपा पट्टा होता. खाली कुणाच्या तरी लूमचा आवाज चालू होता.

"म्हणाल?" मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी काहीतरी भयंकर बोलून गेले आहे, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. या सगळ्या काळात त्यांना हादरलेलं मी तेव्हाच पाहिलं.

"आमच्या हिच्याम्होरंबी कधी म्हणलं न्हाय," ते म्हणाले.

मग ते पायरीवर बसले. घसा खाकरला. आत बाळ रडू लागलं होतं आणि आई मला हाका मारत होती. मी त्यांच्याशेजारी बसले.