बांधापलीकडचे बिनपगारी गडी

तेत्सुओने ठरवलं, आईला सांगायचं नाही. (तिला सांगायला अर्धा दिवस लागतो आणि तिचं ऐकून घ्यायला दीड.)

गोष्ट एवढीशीच. जपानातल्या कोचीत त्याच्या वांग्यांच्या पॉलीहाऊसमध्ये पांढरी माशी पडली की फवारायला, कीडकी पानं खुडायला गावातल्या बायका लावाव्या लागत. वांगी पिकवायची त्याने आणि खायची मजुरीने! शेतकी कॉलेजातून आलेली लेक मिझुकी म्हणाली, "बाबा, माशी खाणारे मित्रकिडे सोडा. ते मजुरी मागत नाहीत, चहा मागत नाहीत, सुनांची गाऱ्हाणी सांगत नाहीत."

तेत्सुओने हंगामाच्या मजुरीचे सगळे पैसे घालून किडे आणले आणि पानापानावर सोडले.

"आजीला सांगितलंत?"

"सांगतो गं."

आठवडाभर तो सांगतच होता. (मनातल्या मनात.)

एके दिवशी बाजारातून परतला, तर आई दारातच उभी. बाजूला मजूर बायकांतली फुसाए काकू घाम पुसत होती.

"काय रे हे? पानापानावर किडे! उद्या सोसायटीची माणसं बघायला येणार, तुझी अब्रू गेली असती. दुप्पट रोज कबूल करून सगळ्या बायका बोलावल्या. आता एक किडा दाखव!"

तेत्सुओने बाजाराची पिशवी खाली ठेवली. "मारलेस?"

"पितरांच्या आठवड्यात जीव मारीन मी? जिवंत धरले आणि बांधापलीकडच्या ओकाबायाशींच्या वांग्यांवर सोडले. तिथे आधीच इतकी कीड, चार जास्त झाले तर कुणाला कळतंय?"

"आजी, विकतचे होते ते!" मिझुकी कडाडली. "एका शब्दाने विचारायचं तरी!"

"आणि तुझ्या बापाने एका शब्दाने सांगायचं!"

मग दोघींनी मिळून तेत्सुओकडे पाहिलं. (घरात एवढी एकी वर्षानुवर्षं झाली नव्हती.)

महिन्याभरात तेत्सुओची वांगी माशीने पांढरी पडली. मजुरीला दमडी उरली नव्हती. तेवढ्यात ओकाबायाशी मिठाईचा डबा घेऊन हजर. "आजी, फुसाए काकूकडून कळलं सगळं. तुमचे उपकार! माशी साफ, फवारणी बंद. किडे मायंदाळ झालेत, हवे तेवढे न्या. फक्त धरायला माणूस तुमचा."

माणूस म्हणजे कोण, हे सांगायला नको. दुसऱ्या दिवशी तेत्सुओ शेजाऱ्याच्या वांग्यांत वाकून, नळीने एकेक किडा बाटलीत ओढत होता.

"तेत्सू, पानाखाली बघ, पानाखाली!" फुसाए काकू बांधावरून ओरडली. "आम्ही उगाच दुप्पट घेत नाही!"

ओकाबायाशींनी हसत विचारलं, "आजी, या गड्याला रोज काय द्यायचा?"

"पोटावारी आहे तो," आई म्हणाली. "फक्त माझ्यासाठी निरोप असला तर त्याच्याकडे देऊ नका. पोचत नाही."