सहकुटुंब, सपरिवार, मिक्सरसह

चार ओळींत आमंत्रण लिहावं ते सुहासिनीबाईंनीच! निदान सुहासिनीबाईंचं तरी तसं ठाम मत होतं. त्यांच्या यजमानांची, दिगंबररावांची, बँकेने कोलकात्याला बदली केली त्याला बेचाळीस वर्षं झाली. तेव्हापासून इथल्या मराठी मंडळींची एकही मुंज त्यांच्या मजकुरावाचून लागली नव्हती. म्हणूनच नातीच्या नव्या कंपनीच्या वेबसाइटचं पहिलं पान वाचून त्यांनी चष्माच काढून ठेवला.

"मुग्धा, हे काय गं? 'घरगुती उपकरणांच्या जीवनचक्राला नवसंजीवनी देणारा समग्र मंच'! म्हणजे तुम्ही करता तरी काय?"

"मिक्सर, पंखे, इस्त्र्या दुरुस्त करतो, आजी. घरी जाऊन."

"मग तसं लिही की!"

"ते फार साधं वाटतं."

"आणि हे? हे वाचून माणूस आधी आडवा होईल, मग मिक्सरचं बघेल!"

पण हसण्यावारी नेण्यासारखं प्रकरण नव्हतं. महिन्याभरात चारशे लोकांनी पान पाहिलं आणि फोन केले तिघांनी. एकाला योगासनं शिकायची होती, एकाला विमा विकायचा होता, आणि तिसऱ्याने "हे नक्की काय आहे?" एवढंच विचारून फोन ठेवला. मुग्धाने नागपूरला बाबांना शब्द दिला होता, रविवार संध्याकाळपर्यंत वीस गिऱ्हाइकं, नाहीतर सोमवारी बंगळुरूच्या नोकरीला होकार. ती गेली की बागबाजारच्या त्या घरात उरणार दोन म्हातारी माणसं आणि एक टीव्ही. त्यातही टीव्हीच काय तो बोलणार!

"तू खुशाल हावड्याला जाऊन सुटे भाग जमव," सुहासिनीबाई म्हणाल्या. "पान माझ्यावर सोड."

"लिही बाई! याहून वाईट काय होणार?" असं म्हणून मुग्धा दोन दिवसांसाठी गेली.

शनिवारी तिचा भागीदार सुमित लॅपटॉप घेऊन बसला आणि सुहासिनीबाईंनी खणखणीत बंगालीत मजकूर सांगितला. मराठीत त्याचा अर्थ असा: 'आमचे येथे सौ. सुहासिनी व श्री. दिगंबर यांची नात मुग्धा हिने बंद पडलेले मिक्सर, पंखे व इस्त्र्या दुरुस्त करण्याचे योजिले आहे. तरी आपण बिघडलेल्या वस्तूसह सहकुटुंब, सपरिवार अगत्य यावे. रविवार, दुपारी बारा. भोजन एक वाजता. कृपया आहेर आणू नये.' खाली घराचा पत्ता!

"आजी, भोजन कशाला?" सुमितने चाचरत विचारलं.

"मग काय कोरडं बोलावणं करायचं? लोक काय म्हणतील!"

"पण खरंच आले तर?"

"अरे, ती लिहायची रीत असते. आजवर पत्रिका वाचून कोणी अनोळखी जेवायला आलंय?"

पत्रिका ओळखीच्यांनाच जाते आणि हे पान अख्ख्या कोलकात्यापुढे उघडं पडतं, एवढा बारीकसा फरक तेवढा त्यांच्या ध्यानात आला नाही. रातोरात ते पान या फोनवरून त्या फोनवर फिरलं!

रविवारी बाराच्या ठोक्याला बेल वाजली. दारात खांद्यावर उभा पंखा घेतलेले एक गृहस्थ. मागे बायको, दोन मुलं आणि सासूबाई.

"माशिमा," गृहस्थ बंगालीत मावशी अशी हाक मारत म्हणाले, "मराठे येणार म्हणून आमच्या पूर्वजांनी इथे खंदक खणला. आज मराठ्यांनीच जेवायला बोलावलंय, म्हटलं सासूबाईंनाही न्यावं!"

त्यांच्यामागे जिना नुसता भरून वाहत होता! पार बजबज गावाहून आलेल्या एका जोडप्याने मिक्सर तान्ह्या बाळासारखा दुपट्यात गुंडाळून आणला होता. मुग्धाचे दोन कारागीर दिवाणखान्यात फतकल मारून बसले. दिगंबररावांना तर चाळीस वर्षांनी तरुण झाल्यासारखं वाटलं. कागदाची टोकनं फाडून ते बँकेच्या खिडकीत बसल्यासारखे ओरडू लागले, "नंबर सात! पुढे या! सुटी इस्त्री हातात ठेवा!"

स्वयंपाकघरात सुहासिनीबाईंनी सगळ्यात मोठ्या पातेल्यात खिचडी टाकली. ती संपली. पुन्हा टाकली. तीही संपली! तेवढ्यात कारागिरांनी नऊ मिक्सर एकदम लावून पाहिले आणि फट्कन सबंध इमारतीची वीज गेली. वरचे शेजारी तावातावाने भांडायला खाली आले, पंगत बघून परत वर गेले आणि आपापले टोस्टर घेऊन आले!

दोन वाजता मुग्धा पोहोचली. तिला उंबऱ्यावर पाय ठेवायला जागा नव्हती.

"आजी! लग्न कुणाचं आहे?"

"तुझंच समज! आधी पापड वाढ."

संध्याकाळी मोजदाद झाली. गिऱ्हाइकं चौतीस! मुग्धाने तिथल्या तिथे बंगळुरूला नकार कळवला आणि आजीला अशी मिठी मारली की हातातला डावच पडला.

"बघितलंस?" सुहासिनीबाई म्हणाल्या. "स्पष्ट लिहिलं की लोकांना कळतं!"

"कळलं ना," सुमित वहीत बघत म्हणाला. "कोणती ओळ वाचून आलात, हे मी प्रत्येकाला विचारलंय. एकतीस जण म्हणाले, 'भोजन एक वाजता'."

"आणि उरलेले तिघं?"

"ते म्हणाले, 'आहेर आणू नये'."

मग काय, ती ओळ पानावरून काढायची कोणाची छाती? दर रविवारी घर भरू लागलं, हसू-खिदळू लागलं, आणि सुहासिनीबाई पातेल्यापुढून हलेनाशा झाल्या. चौथ्या रविवारी, तिसऱ्या पंगतीनंतर, त्यांनी पदराने घाम टिपत नातीला हळूच बाजूला घेतलं.

"मुग्धा, ती बंगळुरूची जागा अजून रिकामी आहे का गं?"

"का? मला घालवतेस की काय?"

"छे गं! तू राहा इथे सुखाने. मी जाऊन बघते म्हटलं!"