सातव्या क्रमांकाचा कठडा

रविवार, सकाळी आठ, तलावाच्या काठावर. हजर: अध्यक्ष सक्सेनाजी, समितीचे पाच सदस्य, व्यवस्थापक म्हणून मी, आणि बशी घेऊन आलेले दाणीकाका.

बशी नेहमीच त्यांच्याबरोबर असते. अवधपुरीजवळच्या आमच्या ज्येष्ठांच्या वसाहतीत पोहण्याचा तलाव आहे. काका रोज सकाळी त्याच्या खोल टोकाला सुतळीला बांधलेली पांढरी बशी सोडतात. वरून ती स्पष्ट दिसली तरच लोकांनी उतरायचं. "ज्या पाण्यात बशी दिसत नाही, त्यात बुडणारा माणूस काय दिसणार?" जन्मभर कारखान्यात बॉयलरचं पाणी तपासलेला माणूस. वाद घालून उपयोग नसतो.

स्वतः ते पोहत नाहीत. काठावर उभे राहून येणाऱ्याचं डोकं हुंगतात. "खोबरेल! वापस जा, आधी शॉवर."

एकदा सक्सेनाजी खूश होऊन म्हणाले, "क्लोरीन की क्या खुशबू है! पानी एकदम साफ."

"खुशबू नहीं है, साहब," काका म्हणाले. "क्लोरीन और आपके पसीने का झगड़ा है."

दाणीकाकूंचे गुडघे गेलेले होते. जमिनीवर काठीशिवाय पाऊल पडत नसे, पाण्यात मात्र सरसर चालायच्या. "पाण्यातून रस्ता असता तर बिट्टन मार्केटला जाऊन भाजी आणली असती," म्हणायच्या. पण तलावाच्या पायऱ्यांना कठडा नव्हता. मग काका पँट दुमडून तिसऱ्या पायरीवर उभे राहत आणि हात पुढे करत. "धर. मीच कठडा." आम्ही हसायचो. हळूहळू बाकीच्या बायकाही तोच हात धरून उतरू लागल्या.

काकांनी कठड्यासाठी अर्ज दिला. तो सातवा आला, म्हणून मी यादीत सातवा लिहिला. आमच्याकडची रीत अशी, की पोहे-जलेबी आली की बैठक संपते, आणि पोहे पाचव्या विषयाला येतात. उरलेले विषय पुढच्या महिन्यात नव्या विषयांच्या खाली जातात.

"ताई, लिस्टमध्ये आहे ना?" काका दर महिन्याला विचारत.

"आहे ना, काका!" मी सांगायची. खोटं नव्हतं ते.

गेल्या उन्हाळ्यात काकांचा हात थरथरू लागला. एका सकाळी तो हात धरलेल्या काकू घसरल्या. लागलं नाही, पण त्या पुन्हा उतरल्या नाहीत. काठावर खुर्ची टाकून बसायच्या आणि बशीकडे बघून ओरडायच्या, "दिसली हो!" पावसाळा संपता संपता त्या गेल्या.

आज कठडा मी यादीत पहिला घेतला. चहा यायच्या आत मंजूर झाला. कोणाचाच विरोध नव्हता; तो कधीच नव्हता. यादीचा क्रम माझ्या हातात होता.

सगळे पोह्यांकडे वळले. काकांनी बशी पाण्यात सोडली आणि सवयीने रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं.

"दिसली, काका," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. मग घरी जाऊन काकूंची काठी घेऊन आले. "उंची या काठीच्या मुठीइतकी ठेवा, ताई. तिला बरोबर पडायची. बाकीच्यांनाही पडेल."

वेल्डर बुधवारी येतो म्हणाला आहे. काठी माझ्या टेबलाला टेकून उभी आहे. कठडा अजून बसायचाय.