बारा दिव्यांचा बदाम

तुम्ही मला फक्त व्होल्ट आणि अँपिअर सांगा. दिव्याचा रेझिस्टन्स आणि पॉवर मी जेवता जेवता सांगतो! अठ्ठ्याहत्तर साली मी शाळेत फिजिक्स शिकवायचो, आणि मेहुणीच्या, फ्लॉसीच्या लग्नात ही विद्या अख्ख्या सांडोर गावाला दाखवायची असा माझा पणच होता.

माझ्या सासऱ्यांना, क्लेमेंटमामांना, वेगळीच काळजी. विहिरीच्या पाण्यावरून त्यांनी अर्ध्या गावाशी भांडण करून ठेवलेलं!

"फर्डिनंड, लोक येतील का रे? मांडव रिकामा दिसला तर पोरीची सासरी काय पत राहील?"

"मामा, माझा बदाम बघायला तरी येतीलच!"

बदाम म्हणजे मांडवाच्या दारावरचा, पत्त्यांतल्या बदामासारखा, बल्बांचा. अडचण एकच. संध्याकाळी केळीच्या नि भाजीच्या वाड्यांतले पाण्याचे पंप सुरू झाले, की गावातले दिवे नुसते मिणमिणायचे. पण मी फिजिक्सचा माणूस! व्होल्टमीटर लावून बघितला. रोज संध्याकाळी एकशे चव्वेचाळीस व्होल्ट! बारा बारे एकशे चव्वेचाळीस! मोटारीचे बारा व्होल्टचे बारा छोटे बल्ब आणले आणि माळेसारखे एकापुढे एक जोडले.

"एकेका बल्बात पाव अँपिअर करंट," मी बायकोला, डेल्फिनला, समजावलं. "बाराला पावने भाग. अठ्ठेचाळीस ओहम रेझिस्टन्स! बाराला पावने गुण. तीन वॅट पॉवर!"

"आपण पेट्रोमॅक्स भाड्याने आणू या का?" ती म्हणाली.

आदल्या संध्याकाळी बदाम लावून पाहिला. काय सोनेरी उजेड! मामांनी माझी पाठ थोपटली. एरवी ते माझ्या प्रयोगांकडे बघायचेही नाहीत!

लग्नाच्या संध्याकाळी चर्चमधून वरात वाजतगाजत आली. नवरा-नवरी दारात येताच मी बटण दाबलं. बदाम पेटला. पांढराशुभ्र! कालच्यापेक्षा कितीतरी लख्ख! माझी छाती फुगते न फुगते तोच— फट्! एक बल्ब उडाला आणि सगळा बदाम विझला. बँडवाल्याचा सूरसुद्धा चुकला.

मी मीटरकडे धावलो. काटा दोनशे तीसवर! सांडोरच्या संध्याकाळी दोनशे तीस?

"दीडपटीच्याही वर व्होल्टेज!" मी ओरडलो. "म्हणजे पॉवर अडीचपट! तीन वॅटच्या बल्बात साडेसात वॅट! पण पंप कुठे गेले?"

"पंप कोण चालवणार?" डेल्फिन म्हणाली. "सगळे इथेच आलेत ना!"

मामा जागीच थांबले. "सगळे? ॲन्सेल्मचे तिन्ही पंप बंद?"

"तो काय, बँडमागे नाचतोय!"

ॲन्सेल्म म्हणजे विहिरीच्या भांडणातला मुख्य शत्रू. मामांनी मागे वळून बघितलं. वरात पार रस्त्यापर्यंत! त्यांचे डोळे भरून आले. तसेच ते व्याह्यांकडे गेले आणि छाती काढून म्हणाले, "बघितलंत? गाव इतकं आलं, की जावयाचा बदाम फुटला!"

सांगायला अभिमान वाटतो, तेव्हापासून सांडोरात कुणाचंही लग्न असलं की मला खास आमंत्रण असतं. दिवे लावायला नव्हे हो, मीटर घेऊन, किती गाव आलंय ते मोजायला! 'काटा किती?' हे व्याही आधी विचारतात, जेवण मागाहून.

पुढच्या वर्षी आमच्या पोराचा बाप्तिस्मा झाला. संध्याकाळी जेवण ठेवलं आणि मी मोठ्या ऐटीत मीटर दारातच टांगला.

काटा एकशे चव्वेचाळीसवरून हलला नाही!