अखिल भारतीय फाटक

आप्पांच्या मुलीला बघायला पाहुणे आले, तेव्हा आप्पांनी नवऱ्या मुलाला फाटकातच नव्या बुटांसकट जंतुनाशकाच्या घमेल्यात उभं केलं. मुलाच्या मामांनी कुरकुर केली. आप्पा शांतपणे म्हणाले, "सोयरीक मोडली तर दुसरी हुईल. बॅच मेली तर?" सोयरीक जमली, हा मुलाचा चांगुलपणा. बूट मात्र गेले.

मांडवगण फराट्याला आप्पांच्या घरामागेच कोंबड्यांची शेड होती आणि आप्पा अखिल भारतीय अंडी-उत्पादक परिषदेचे संस्थापक-अध्यक्ष होते. सभासद सगळे शिरूर-दौंडचे. भारत म्हणून विजापूरकडचे एक गृहस्थ होते, ते पत्रानं हजर राहत. मी दौंडला मास्तर. माझ्याकडे एकही कोंबडी नाही, या पात्रतेवर मला चिटणीस नेमलं होतं.

परिषदेची घटना आप्पांनीच लिहिली. पहिलं कलम: एका पोल्ट्रीवाल्यानं दुसऱ्याच्या फाटकात पाऊल ठेवायचं नाही. चपलेला चिकटून रोग येतो हे खरंच आणि त्या धंद्यातले शहाणे लोक ते पाळतातही. पण त्यामुळे ही एकमेकांच्या चपलांना भिणाऱ्यांची राष्ट्रीय संघटना झाली होती. सभा व्हायची हमरस्त्यावर, कासुर्डीच्या एका हॉटेलात. प्रत्येक जण वेगळ्या टेबलाशी. आप्पा मधल्या टेबलावरून राष्ट्राला उद्देशून बोलत. वेटरनं मध्येच "आणखी काही?" विचारलं, तर त्याला आधी अध्यक्षांची परवानगी घ्यायला लावत.

मुलगी सासरी गेली आणि वर्षभरात आप्पांची बायको वारली. गाव भेटून गेलं. परिषदेतला एकही पोल्ट्रीवाला फिरकला नाही, कलम होतं. त्याऐवजी कासुर्डीला शोकसभा झाली. अध्यक्षस्थानी अर्थात आप्पा. आप्पांच्या दुःखात परिषद सहभागी आहे, असा ठराव आप्पांनी मांडला, सर्वानुमते संमत झाल्याचं जाहीर केलं आणि दुःखी कुटुंबाच्या वतीनं आभारही मानले. नंतर मला म्हणाले, "ह्याला म्हनत्यात शिस्त."

काही महिन्यांनी त्यांनी मला बोलावून घेतलं. गेलो तर शेडमध्ये एक कोंबडी नाही. ऐन अंड्यावरच्या कोंबड्या, बाजारही बरा, आणि यांनी सगळ्या विकून टाकलेल्या. मी घाबरून विचारलं, रोग शिरला का?

"न्हाई ओ मास्तर. शेड धुतली, चुना मारला. आता हितं बाधायला कायबी न्हाई. कळवा समद्यांना, औंदाची सभा माझ्या घरी."

विषयपत्रिकेवर काय घालू, असं मी विचारलं. एरवी त्यांचा पहिला विषय केंद्र सरकारला इशारा हा असे.

"विषय कशाला पायजे? बसत्याल, चा घेत्याल." मग आप्पा म्हणाले, "आन् ओसरीवरनंच माघारी जाऊ नका म्हनावं. तिचा फोटो आतल्या खोलीत हाय."