नव्या कर्नेलास कोठीचे दार उघडेना, त्याची हकीकत

विघ्नहर्त्यास दंडवत, वीजपुरवठ्यास दुसरे दंडवत, आणि मग वर्तमान लिहिले ऐसे जे: शके १९४६ क्रोधीनाम संवत्सरे, भाद्रपदमासी, सर्व्हर नामे राज्यात मोठा प्रसंग गुदरला. या राज्यात अंध वाचकांसाठी भल्या माणसांनी मोठ्याने वाचून ठेवलेली अकरा वर्षांची पुस्तके होती, ती सारी डिस्क नामे एकाच कोठीत, आणि दुसरी प्रत कोठेही नाही. कारभार दिवाण इंदुमतीबाई ठोसर यांचा. बाई हुशार, करड्या, परंतु जुन्याचा लोभ भारी. गादीवर कर्नेल नामे राजा, म्हणजे संगणकाचा सारा कारभार हाकणारा मूळ प्रोग्राम, बसे, आणि नवा आला की जुना पायउतार होई. पण त्याचे गाठोडे बाई बूट नामे देवडीत तैसेच ठेवीत, आणि कोणी विचारले तर असू द्या बिचाऱ्याचे, म्हणत. ऐसे करता चार राजांची गाठोडी साठली आणि देवडीत पाय ठेवावयास जागा उरली नाही.

मग चोरांची नवी टोळी उठल्याची खबर आली, आणि गादीवरच्या पाचव्या कर्नेलाच्या पहाऱ्यास फटी दिसल्या, म्हणोन बाईंनी हट्ट धरून सहाव्या कर्नेलास बोलाविले. संगणक बंद करून चालू केला, स्वारी थाटात निघाली आणि कोठीच्या दाराशी थबकली. महाराज फर्मावतात, कोठी माउंट करा, म्हणजे उघडून राज्यास जोडा, तो दार तसूभर हलेना. मग काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत 'कोठी सापडत नाही' ऐसे लिहून महाराज जागीच निश्चेष्ट पडले. बाईंनी घड्याळ पाहिले, कारण चार वाजता वाचकमंडळी ऐकावयास बसत. तेव्हा मसलत जाहली. सरदार भार्गवराव देवस्थळी, माणूस दिलदार पण तलवार सदा म्यानाबाहेर, ते बोलिले की कोठीच नासली, सबब फॉरमॅट करून पाडावी आणि नवी बांधावी. पुस्तके वाचून ठेवणाऱ्यांपैकी कितीएक आता हयात नव्हते. त्यांचे आवाज जाणार, या विचाराने बाईंस रडू आले, ते त्यांनी गिळिले आणि पाडण्यापूर्वी जुन्या, म्हणजे पाचव्या, महाराजांस एकवार गादीवर बसवावे, ऐसी विनंती केली. बसविले, तो दार सुरळीत उघडले. भार्गवराव म्हणाले, मग नव्यास निरोप द्या, आपली लाज राखा.

बाई म्हणाल्या, "जुन्यास दार उघडते, म्हणजे कोठी धड आहे. चोरांच्या भयाने नव्यास आणिले, त्यास परत धाडून काय साधेल? त्यांच्यासोबत काय आले नाही, ते पाहू."

आणि देवडीत शिरून पाहतात तो काय, नव्या महाराजांचे गाठोडे अर्धेच बांधलेले! कोठीचे कुलूप उघडणारा ड्रायव्हर नामे कुलूपदार त्यात असावयाचा, परंतु जागा नाही म्हणोन हमालांनी गाठोडे मधेच टाकिले आणि कोणास न सांगता निघून गेले. कुलूपदार राहिला कोठीच्या आत, आणि महाराज बाहेर. बाई ओशाळल्या.

"जागा मीच अडविली," म्हणाल्या.

मग जुने महाराज गादीवर आणि कोठी उघडी, तोवरच काम उरकावे, ऐसे ठरले. पहिल्या चार राजांची गाठोडी काढावयास बाईंचा हात धजेना, कारण पहिल्यास त्यांनीच हौसेने गादीवर बसविले होते. तेव्हा भार्गवरावांनी तलवार म्यान केली आणि हळूच म्हणाले, "बाई, ते राजे गादी मागावयास येत नाहीत. जाऊ द्या त्यांस." बाईंनी एकेकाचे नाव घेऊन चौघांस निरोप दिला, आणि देवडी मोकळी जाहली, आणि कुलूपदारास बाहेर बोलावून नव्या महाराजांचे गाठोडे पुनः पक्के बांधिले. मग पाचवे महाराज सन्मानाने उतरले, सहावे आले, आणि कोठीचे दार पहिल्याच हाकेस उघडले. भार्गवरावांनी आपणहोऊन दुसऱ्या कोठीची, म्हणजे प्रतीची, तजवीज मांडिली. पाचव्या महाराजांचे गाठोडे मात्र अडीअडचणीस देवडीत ठेविले, त्यास कोणी हरकत घेतली नाही.

चार वाजता वाचकमंडळींतील गोदूताई पाळंदे कानास यंत्र लावून बसल्या, आणि पुस्तके वाचून ठेवणारे, तीन वर्षांमागे वारलेले नाना मोघे कोठीतून घसा खाकरून पान उलटते जाहले.

येणेप्रमाणे चार राजे गेले, कोठी राहिली, आणि बाई त्या दिवशी दोन घास अधिक जेवल्या. हे वर्तमान.